समोरच्या दोरीवर

ड्युटीवरून किंवा ग्राउंडवरून खोलीवर आले की मी आधी चहा ठेवत नाही. आधी ब्रा धुते. माझ्यासोबत राहणाऱ्या दोघी यंदाच पोलिसांत भरती झालेल्या आहेत, त्यांना याची फार गंमत वाटते. एक म्हणते, "ताई, भूक लागत नाही का तुम्हाला?" लागते ना. पण पोट अर्धा तास थांबतं, घाम थांबत नाही. तो एकदा कापडात मुरला की मग कितीही साबण लावा, पुढच्या वेळी अंग तापलं की जुना वास पुन्हा वर येतो.

तर आधी बाजूच्या फटीतून दोन्ही पॅड काढायचे. अर्धी बादली साधं पाणी घ्यायचं, गरम नाही. चिमूटभर साबणाचा चुरा किंवा थोडा शाम्पू. ब्रा उलटी करून बुडवायची, दाबायची, सोडायची. घासायचं नाही आणि कितीही राग आलेला असला तरी पिळायचं नाही. कोरड्या टॉवेलात गुंडाळून वरून हातानं दाबलं की पाणी टॉवेल पितो. पॅड तळहातावर घेऊन आकारात आणायचे. दोरीवर टाकताना पट्ट्यांनी लटकवायची नाही, पट्ट्या लांबतात. मधून मोडून टाकायची. वारं खेळेल अशा जागी, सकाळचं कोवळं ऊन असेल तर फारच छान. आणि दोन तरी असाव्यात, आलटून पालटून, म्हणजे एकीचा लवचिकपणा दमत नाही.

हे मला कुठल्या लेबलनं शिकवलं नाही. लेबल तर मी पहिल्याच दिवशी टोचतं म्हणून कापून फेकलं होतं. हे मी शिकले मायकडून, जिनं असली ब्रा जन्मात घातलेली नाही.

आमचं गाव घाटाखालचं. मलकापूरला जायला काळीपिवळी जीपनं पाऊण तास, आणि बुलढाणा म्हणजे घाट चढून वर. बारावी झाल्यावर मी पोलीस भरतीची तयारी सुरू केली. गावातली एक मैत्रीण माझ्याआधी सहा महिने पळत होती, तिच्या मागं लागून मीही डांबरी रस्त्यावर उतरले. तेव्हा मी कशी पळायची ते आठवलं की हसू येतं. आत घट्ट बॉडी, म्हणजे साधी सुती ब्रा, तिच्यावर बनियन, त्याच्यावर बाबांचा ढगळ टी-शर्ट, आणि एवढ्यावरही विश्वास नाही म्हणून दोन्ही कोपरं छातीशी आवळलेली. रस्त्यानं दूधवाले जायचे, शेतावर निघालेली माणसं जायची. कोणी समोरून दिसलं की मी पळायची थांबून चालायला लागायची, जणू काही सामान आणायला निघाले आहे.

मैत्रीण एक दिवस वैतागली. "तू पयून राह्यली का कॅन भरून दूध नेऊन राह्यली? हात सोड ना वं."

"हात सोडले त बाकीचं कोन धरन?" मी म्हटलं.

ती हसली नाही. येत्या रविवारी मलकापूरला जायचं, एवढंच म्हणाली.

मलकापुरात पहिल्या दोन दुकानांत गल्ल्यावर पुरुष होते म्हणून आम्ही साड्या बघून बाहेर आलो. तिसऱ्या दुकानात जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. भरतीसाठी पळतो म्हणून सांगितलं, तर त्यांनी टेपबीप काही काढला नाही. मला पडद्यामागं नेलं, हातात एक ब्रा दिली आणि घातल्यावर म्हणाल्या, "मार आता उड्या." मी दोन लाजऱ्या उड्या मारल्या. "अशा नाही वं, भरतीच्या मार." मग मी खरोखरच्या मारल्या. त्यांनी मान हलवली. "पॅडवाली घेऊन जा. घामानं टी-शर्ट अंगाले चिकटला तरी काही दिसत नाही." गडद निळी होती. बाईंनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वरून काळी पिशवी घातली, बॉम्बच नेत असल्यासारखी मी ती छातीशी धरून आणली. एकच घेतली. दोन घ्याव्यात हे सांगायला आज मी आहे, तेव्हा कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा माझे हात मागंपुढं मोकळे हलले. समोरून दूधवाला आला आणि गेला, मी थांबले नाही. मला रडू यावं इतका आनंद झाला, आणि मैत्रिणीच्या पुढं निघून गेले याचा त्याहून जास्त झाला.

घरी मी ती लपवून धुणार होते, पण आमच्या घरात बादलीत काय भिजतंय हे मायला न पाहता कळतं. तिनं ती दोन बोटांत धरून वर केली.

"हे काय व्हय वं? उशी हाय का बॉडी?"

मी सांगितलं. तिनं पॅड चिमटीत धरून दाबून पाहिला, सोडला, तो फुगला, पुन्हा दाबला. मग बाजूची फट दिसली. "याले खिसा काऊन हाय? पैसे ठेवाले?" असं म्हणत ती बराच वेळ हसत बसली. तिला ती आवडली होती हे मला तेव्हाही कळलं. आणि आवडली म्हणून तिनं ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी, सगळ्यांत मन लावून धुतली: धोंड्यावर ठेवून मोगरीनं दहा-बारा दणके, मग दोन्ही टोकं धरून बाबांच्या धोतरासारखा पिळा.

पॅड आतल्या आत दुमडून त्याची वळकटी झाली होती. मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मी मायला फार बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, आठवलं की अजून कान गरम होतात.

माय म्हणाली, "मले काय मालूम, बाई. कपडा त कपडा."

आणि ओट्यावर बसून तिनं बोटानं उकरत तो पॅड बाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि भाकर थापावी तसा तळहातानं गोल गोल थापत सरळ केला. तेव्हापासून तिनं ती ब्रा मोगरीला दाखवली नाही. पिळणं बंद केलं. पाणी टॉवेलात टिपायचं हे तिनं स्वतःच्या डोक्यानं काढलं, लोकरीचा स्वेटर असाच धुतात ना, म्हणाली. पट्ट्या लांबतात हेही तिनंच पाहिलं. चार दिवसांत तिला त्या ब्राची माझ्यापेक्षा जास्त माहिती झाली. फक्त एक गोष्ट तिला जमेना, आणि ती म्हणजे वाळत घालणं.

आमच्या अंगणात दोन दोऱ्या. समोरची कडुनिंबापासून ओट्याच्या खांबापर्यंत, रस्त्याला तोंड करून. तिच्यावर बाबांचे शर्ट, चादरी, टॉवेल, मायच्या साड्या. मागची गोठ्याच्या भिंतीला लागून, जिथं ऊन दुपारी घटकाभर डोकावून जातं. बायकांचे आतले कपडे मागच्या दोरीवर, आणि तेही उघडे नाहीत. त्यांच्यावर एक साडी पसरायची. हा नियम मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. त्या नियमावर लक्ष ठेवायला मात्र मोठी माय होती, म्हणजे माझी मोठी काकू. ती शेजारीच राहते, भिंतीला भिंत. माझ्या लहानपणी एकदा वाऱ्यानं ती वरची साडी उडाली, तर मोठी माय तव्यावरची भाकर तशीच सोडून धावत आली होती. भाकर करपली, पण घराण्याची अब्रू वाचली.

साध्या सुती बॉडीचं त्या साडीखाली कसंबसं भागत असेल. पॅडवाली तिथं वाळणं शक्यच नव्हतं. वरून साडी, मागून भिंत, खालून गोठ्याची ओल. सकाळी धुतलेली संध्याकाळी हाताला गार लागायची, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी ती तशीच अंगात चढवायची. श्रावणात झड लागली, आठ-आठ दिवस सूर्य नाही, तेव्हा तर काही विचारू नका. ब्राला गोठ्याचा वास येऊ लागला. मैत्रीण माझ्यापासून हातभर लांब पळू लागली. मग छातीखाली, पट्टा बसतो तिथं, आधी खाज, मग लाल चट्टा, मग कातडी सोलवटून निघाली. घाम लागला की असं झोंबायचं की मी पुन्हा कोपरं आवळून पळायला लागले.

माय मला गावातल्या उपकेंद्रात घेऊन गेली. तिथल्या सिस्टरनं पाहिलं, मलम दिलं आणि विचारलं, "कपडे पूर्ण वाळवून घालतेस का?" मी मायकडं पाहिलं, मायनं जमिनीकडं. सिस्टरला सांगायला लागलंच नाही. "साडीखाली ना? उघड्यावर टाकायचे. हवा लागली पाहिजे, ऊन लागलं पाहिजे. ओलं घातलं तर हे पुन्हा पुन्हा होत राहणार."

परत येताना मायनं मलम पदराच्या गाठीत बांधलं. मग म्हणाली, "बायाईले असतेच ते थोडंफार. मले त लग्न झाल्यापासून हाय."

मी हे ऐकलं आणि विसरले. मला तेव्हा माझ्या चट्ट्याशिवाय आणि माझ्या ग्राउंडशिवाय जगात दुसरं काही दिसत नव्हतं.

मोठ्या मायच्या नाकासमोर ब्रा उघड्यावर टाकायची मायची हिंमत होईना, म्हणून तिनं आडवाटा काढल्या. एकदा चुलीजवळ टोपलं पालथं घालून त्यावर वाळवली. वाळली छान, पण त्या दिवशी पळताना मला सारखा भाजलेल्या वांग्याचा वास येत राहिला. एकदा पंख्याखाली टांगली, तर लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी आली. मग तिनं ठरवलं, निदान पॅड तरी उन्हात ठेवू, पॅडला पाहून कोणाला काय कळणार आहे? दसऱ्याच्या सुमाराला तिनं ते मागच्या भिंतीवर ठेवले, आणि त्यातला एक मोठ्या मायच्या बकरीनं खाल्ला.

पूर्ण खाल्ला. आम्हाला त्याची एक कडा मिळाली. बकरी दोन दिवस खिन्न होती. मोठी माय सगळ्यांना विचारत होती की हिनं काय खाल्लं असन, आणि मी आणि माय एकमेकींकडं न पाहता उभ्या होतो.

मी परत मायवर चिडणार होते, पण मोगरीच्या दिवसाची आठवण ताजी होती. आणि तिचं तोंड इतकं पडलं होतं की मी गप्प बसले. दुपारी ती उरलेला पॅड मापाला घेऊन बसली. जुन्या धोतराचं मऊसूत कापड कापलं. वातीसाठी ठेवलेला घरचा कापूस घेतला, सरकी काढलेला, हातानं पिंजलेला. तो आत भरला आणि त्यावर गोधडीसारखे बारीक, एका ओळीतले टाके घातले. इतका सुबक झाला होता तो पॅड की घालायच्याऐवजी भिंतीवर लावावा. मी घातला आणि पळायला गेले.

पहिल्या फेरीला काही नाही. दुसऱ्या फेरीला उजवी बाजू गरम. मग त्या कापसानं माझा घाम प्यायला सुरुवात केली. चौथ्या फेरीला उजवीकडं पावशेर वजन लटकलं होतं आणि मी त्या बाजूला कलून पळत होते. मैत्रिणीनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, आणि ती रस्त्याच्या कडेला बसली ती हसून हसून उठेचना. शेवटी मीही तिच्या शेजारी बसले.

घरी मायनं विचारलं, "कसं होतं?"

"मस्त," मी म्हटलं.

तिनं ते खरं मानलं. दोन दिवसांनी तो पॅड अजून ओलाच होता, तेव्हा तिच्या लक्षात आलं. तो हातात दाबत म्हणाली, "कापूस पानी सोडत नाही. जिंदगीभर कापूसच येचला मी, मले समजाले पाह्यजे होतं ना." आणि मग माझ्याकडं पाहून, "तू लबाड बोलली माह्याशी." पण रागावली नव्हती.

पुढचा पॅड बाबांच्या मोटरसायकलच्या सीटमधून आला. मायनं सीटच्या कव्हरची मागची शिवण उसवली, आतल्या फोमचा एक तुकडा कापून घेतला आणि शिवण परत घातली. फोमच्या कडा ब्लेडनं तासून पातळ केल्या, वरून तेच धोतराचं कापड. हा जमला. दुसऱ्या दिवशी बाबा अंगणात गाडीवर दोनदा बसले, दोनदा उतरले. "हे सीट एका बाजूनं काऊन खचलं बे?" स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाले. माय आतून म्हणाली, "जुनं झालं ते." बाबांना खरं काय ते आजही माहीत नाही. हे लिहिलेलं ते वाचणार नाहीत अशी आशा आहे.

थंडी पडली आणि ग्राउंडची, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीची, तारीख आली. बाबांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं: हे एक ग्राउंड देऊन पाहा, नाही झालं तर दिवाळीनंतर आलेल्या स्थळांचा विचार करू. ते वाईट मनानं नव्हते बोलले, पण बोलले होते. पुढची भरती कधी निघेल याचा काही नेम नसतो. म्हणजे मला आठशे मीटरच्या दोन फेऱ्या होत्या, आणि त्या गेल्या की गेल्या.

ग्राउंड बुलढाण्याला, पहाटे हजर राहायचं होतं. म्हणून आदल्या दिवशी चारच्या एसटीनं निघून आत्याकडं मुक्काम करायचा ठरला. आदल्या दिवशी पळू नको, असं मैत्रिणीनं चारदा बजावलं होतं. पण माझा स्वभाव असा की जिवाला चैन नसली की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. मी सकाळी उठून चांगल्या चार फेऱ्या मारून आले, घामानं निथळत. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की उद्या घालायची ब्रा मी आज घामानं भिजवून ठेवली आहे. दुसरी नव्हती. चट्टा नुकता भरून कोवळी कातडी आली होती. ओली किंवा घामेजलेली घातली असती तर पहिल्याच फेरीत सोलवटली असती, आणि मग मी कोपरं आवळून पळाले असते.

मी ब्रा काढून ती हातात घेऊन ओट्यावर बसले. मायनं हात पुढं केला. माझ्या हातातून ती घेतली, पॅड काढले, धुतली, टॉवेलात टिपली. मग मागच्या दोरीकडं गेली. थंडीत तिथं दुपारपर्यंत ऊन येत नाही. ती थोडा वेळ तिथं उभी राहिली. मग परत आली, मला ओलांडून अंगणात गेली आणि बाबांचे दोन शर्ट बाजूला सारून समोरच्या दोरीवर, बरोबर मधोमध, ती गडद निळी ब्रा टाकली. चिमटा लावला. दोन्ही पॅड टोपलीत घालून ओट्याच्या उन्हाच्या बाजूला ठेवले. मग सुपात तूर घेऊन दोरीखाली बसली आणि निवडायला लागली.

माझ्या मायचा चेहरा मी इतका लाल झालेला कधी पाहिला नव्हता. रस्त्यानं माणसं जात होती. काही जण बघत होते, काही जण बघायचं नाही असं ठरवून बघत होते. बकरी आली तर माय बसल्या जागेवरून खडा मारत होती. तिनं मान वर केली नाही आणि जागाही सोडली नाही.

दहाच्या सुमाराला मोठी माय आली. दोरीकडं पाहून तिनं तोंडावर पदर घेतला.

"हे काय मांडलं वं इथं? सारा गाव जाते या रस्त्यानं."

माय माझ्या मोठ्या मायला कधी उलट बोलली नव्हती. लग्न होऊन आल्यापासून "हाव बाई" याच्यापुढं गेली नव्हती. सुपातली तूर चाळवत, वर न पाहता ती म्हणाली, "बाई, तिचं उद्या ग्राउंड हाय. कोरडं पाह्यजे तिले."

"मांगं टाक ना."

"मांगं सुकत नाही. सिस्टर म्हने, ओल्यानंच जखमा झाल्या पोरीले."

"लोक काय म्हनतीन?"

"म्हनू द्या. साडेतीन वाजता काढतो मी."

मोठी माय पाय आपटत निघून गेली. मला वाटत होतं, आता ती बाबांना शेतातून बोलावणार. तासाभरानं ती परत आली, हातात बोरीची काडी घेऊन. मायकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं नाही. दोरीपाशी गेली, चिमटा काढला आणि हात न लावता, काडीनं उचलून, ब्रा दुसऱ्या बाजूनं पलटली.

"एकाच अंगानं सुकून राह्यली," ती म्हणाली, आणि गेली.

साडेतीनला मायनं ती काढली आणि गालाला लावली. हाताला गार आणि ओलं यातला फरक कळत नाही, गालाला कळतो. तिनं एक गाल लावला, मग दुसरा. मग पॅड घातले, सारखे केले, त्यातला फोमचा कोणता आणि मूळचा कोणता हे मला दाखवलं आणि माझ्या पिशवीत ठेवली. "पय आता," म्हणाली.

मी पळाले. ग्राउंडविषयी फार सांगण्यासारखं नाही. सगळीकडं थंडी होती, माझ्या अंगात एक कोरडी, उबदार ब्रा होती आणि हात मोकळे होते. दुसऱ्या फेरीच्या वळणावर उजवीकडं जरा जाड लागलं, तेव्हा बाबांच्या सीटची आठवण येऊन मला हसू आलं. लेखीचंही जमलं. यादीत नाव लागलं तेव्हा बाबा स्थळाचं काही बोलले नाहीत. गाडीवर बसून पेढे आणायला गेले, एका बाजूनं कलून.

ट्रेनिंग संपवून मी पहिल्यांदा घरी आले ते उन्हाळ्याच्या तोंडाला. माझ्याजवळ आता चार ब्रा होत्या. सकाळी अंघोळ झाल्यावर मायनं त्या माझ्या हातातून घेतल्या आणि समोरच्या दोरीवर टाकल्या, ओळीनं. एव्हाना त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. गावातल्या आणखी तीन पोरी पळायला लागल्या होत्या, आणि त्यांच्या अंगणातही मला येताना तसंच दिसलं होतं. मला फार अभिमान वाटला, मायचा आणि थोडा माझाही.

दुपारी गोठ्याकडं गेले तर मागच्या दोरीवर मायची साडी पसरलेली होती. वाळली असेल म्हणून घडी घालायला मी ती ओढली.

खाली मायच्या दोन बॉडी होत्या. सुती, पांढऱ्या, बगलेत विरलेल्या. मी हात लावला, मग एक गालाला लावली. बाहेर डोकं तापावं असं ऊन होतं आणि ती ओली होती.

लग्न झाल्यापासून हाय, असं ती म्हणाली होती. उपकेंद्रातून परत येताना, रस्त्यावर, माझ्या शेजारून चालत. मी तेव्हा ऐकलं होतं आणि विसरून गेले होते. माझ्या वयाहून जास्त वर्षं ती ओलं घालत होती, आणि वर्षभर माझं कोरडं करत होती.

मी त्या हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. "माय, तू काऊन नाही टाकत समोर?"

ती कणीक मळत होती. माझ्या हाताकडं पाहून लाजली आणि पटकन म्हणाली, "ठेव ते मांगं. मले कुठी पयाचं हाय?"

मला तिच्यावर रागवायचं होतं. रागवायला तोंड उघडलं आणि रडूच आलं. तिला ते समजेना, ती पिठाच्या हातानंच "काय झालं वं, काय झालं" करत उठली. मी तशीच वळले. अंगणात गेले, माझ्या चारही ब्रा एका बाजूला सारल्या आणि मधोमध, जिथं सगळ्यांत जास्त ऊन येतं तिथं, मायच्या बॉडी टाकल्या. चिमटे लावले. मग आत जाऊन सूप आणलं, त्यात डाळ घेतली आणि दोरीखाली निवडत बसले.

थोड्या वेळानं मोठी माय तिच्या ओट्यावर आली. डोळ्यांवर हात धरून दोरीकडं पाहत राहिली. माझ्या ब्रा तिच्या ओळखीच्या होत्या.

"त्या मधातल्या कोनाच्या व्हय?"

"मायच्या."

"तिले काय आता भरती व्हाचं हाय?"

"नाही," मी म्हटलं. "कोरड्या पाह्यजेत तिले."

मोठ्या मायनं डोळ्यांवरचा हात खाली घेतला. मग आत गेली. तिच्या मागच्या दोरीवरही एक साडी पसरलेली असते, ते मला माहीत होतं. पण त्या दिवशी मी तिला काही म्हटलं नाही.

तासाभरात त्या वाळल्या. मी त्या काढून मायकडं नेल्या. तिनं हात धुतले, पुसले, आणि एक उचलून गालाला लावली. बराच वेळ लावून ठेवली.